राजनंदिनीच्या मुठीतलं नाणं

किकवीचे हनुमंतराव डोळे मिटून, नुसत्या बोटांनी नाणं ओळखायचे! निदान ते स्वतः तरी चारचौघांत असंच सांगायचे. सारी उमर एसटीत कंडक्टरकी केलेली. खोटा रुपया अंधारात हाताला लागला तरी बोट लगेच बोंब मारायचं म्हणे! निवृत्त झाल्यावर त्याच बोटांना जुन्या नाण्यांचा नाद लागला आणि बघता बघता घरातले मसाल्याचे डबे सातवाहनांनी बळकावले. "माझ्या जिऱ्या-मोहरीला तरी जागा ठेवा!" असं त्यांच्या पत्नी रत्नाबाई ओरडायच्या, पण पाहुणा आला की डबे त्याच उघडून दाखवायच्या.

अशात भोरला नाण्यांचं प्रदर्शन ठरलं. हनुमंतराव तिथं एकच नाणं मांडणार होते. पण ते एकच असं, की बाकीच्यांनी आपापले डबे मिटून गपचूप घरी जावं! एका वृद्ध संग्राहकाच्या मागे कित्येक वर्षं लागून त्यांनी ते मिळवलं होतं. ते घरी एकटं ठेवायची त्यांची छाती होईना, म्हणून शनिवारी हिर्डोशीला रत्नाबाईंच्या थोरल्या बहिणीची, सोजराबाईंची नात बघायला निघाले, तेव्हा नाणंही बरोबर निघालं. तिथूनच रविवारी परस्पर भोर गाठायचं होतं.

आता तान्हं बाळ पहिल्यांदा बघायचं म्हणजे त्याच्या मुठीत काहीतरी ठेवावं लागतं. रत्नाबाईंनी सोनाराकडून चांदीचं नाणं आणलं होतं.

"आगं, हे नाणं हाय का टिकली?" हनुमंतराव म्हणाले.

"तुमच्या त्या राजाच्या नाण्याएवढंच हाय! त्याला न्हाई कधी टिकली म्हनत!"

 हनुमंतरावांनी दोन्ही नाणी सोनाराच्या गुलाबी कागदात गुंडाळली. एक डाव्या खिशात, एक उजव्या. "इसरला तर?" रत्नाबाईंनी विचारलं. "बोटं हायती ना माजी!" असं म्हणून ते टेम्पोत बसले.

हिर्डोशीला सोजराबाईंनी नात मांडीवर दिली. नाव राजनंदिनी. पोरीनं हनुमंतरावांकडं पाहिलं आणि बोळकं पसरून अशी हसली, की त्यांची बोटं, खिसे, सगळंच विरघळलं! त्यांनी हाताला आलेली पुडी सोडली, नाणं इवल्याशा तळहातावर ठेवलं आणि पोरीनं मूठ घट्ट मिटली.

चहा झाल्यावर हनुमंतराव अंगणात गेले. आपलं नाणं एकदा डोळे भरून बघावं म्हणून त्यांनी उरलेली पुडी उघडली. आत चकचकीत लक्ष्मी कमळात बसली होती! ते तसेच घरात धावले.

"आक्का, जरा घोटाळा झाला. हे नवं घ्या, लखलखीत हाय. ते पहिलं काळपट हाय, ते द्या माघारी."

"पाव्हणं!" सोजराबाईंनी कपाळाला हात लावला. "लेकराच्या मुठीत घातल्यालं कुनी माघारी घेतं व्हय? आन् काळपट तर काळपट! चिंच लावून घासू. माझा गोरख उद्या सोनाराकडनं भोक पाडून आनंल, मंग घालू गळ्यात."

भोक! हनुमंतरावांना ते आपल्याच बरगडीत पडल्यासारखं वाटलं. आता गप्प बसून चालणार नव्हतं.

"आक्का, अवो आयका! ह्ये नहपान राजाचं नाणं हाय. दोन हजार वर्साचं! त्याला गौतमीपुत्र सातकर्णीनं लढाईत हरवलं. पर त्यानं त्याची नाणी वितळवली न्हाईत. त्याच्याच तोंडावर आपला डोंगराचा शिक्का ठोकला, म्हनला, आता चालवा बाजारात! बगा, डोंगराच्या खाली हरलेल्या राजाचं नाक अजून दिसतंय!"

बोलता बोलता हनुमंतराव स्वतःच हरवून गेले. कुठल्या घाटानं बैल उतरायचे, कुठल्या बंदरात जहाजं लागायची, हे नाणं किती हातांतून फिरलं असेल, सगळं आलं. ओटीवर शेजारीपाजारी जमले. गोरखनं टीव्ही बंद केला. फार सुंदर बोलले हनुमंतराव, आणि तिथंच घात झाला!

सोजराबाईंनी पदरानं डोळे पुसले. "पाव्हणं, माफी करा. लग्नापासनं आमी तुमाला चिकट समजत हुतो. आन् तुमी काळजाचा तुकडा काडून पोरीला दिला!"

"दिला न्हाई, म्हंजे... ही बोटं..."

"बगा, वर लाजत्यात!"

सारी ओटी कौतुकानं त्यांच्याकडं बघत होती. रत्नाबाई तर अशा बघत होत्या, की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षानंतर तसं बघणं झालंच नव्हतं.  शेवटी हनुमंतरावांनी तीनच वचनं घेतली: घासायचं नाही, भोक पाडायचं नाही. आणि उद्यापुरतं नाणं प्रदर्शनात मांडू द्यायचं.

"त्ये काय एकटं यील? पोरगी बी यील की!" सोजराबाई म्हणाल्या.

रविवारी हनुमंतराव पुढं जाऊन रिकाम्या मखमलीपाशी उभे राहिले. मंडळींना सोनाराकडं थोडा उशीर झाला. मग आजीच्या कडेवर बसून राजनंदिनी आली. गळ्यात नाणं. घासलेलं नव्हतं. भोकही नव्हतं, चांदीच्या तारेचं नाजूक कोंदण होतं. हनुमंतरावांनी सुटकेचा श्वास घेतला, वाकून नीट पाहिलं, आणि त्यांनी टेबल धरलं. राजाच्या नाकाशेजारी ताजा, ठसठशीत 'रा' ठोकलेला!

"तुमीच सांगितलं न्हवं?" सोजराबाई अभिमानानं म्हणाल्या. "राज्य ज्येच्या हातात यील, त्यो आपला शिक्का ठोकतो. सोनार आदी न्हाई म्हनत हुता. मंग तुमची समदी गोष्ट त्येला सांगितली. त्येनं नाणं डोळ्याला लावलं आन् मगच ठोकला!"

तेवढ्यात प्रदर्शनाचे प्रमुख अमृत सर भिंग घेऊन आले. पोरीच्या गळ्याशी वाकून ते बराच वेळ पाहत राहिले.

"हनुमंतराव, अद्भुत! नहपान दिसतो, सातकर्णी दिसतो. पण हा तिसरा शिक्का कुठल्या घराण्याचा? मी तरी कुठं वाचला नाही!"

 हनुमंतरावांनी रत्नाबाईंकडं पाहिलं. राजनंदिनी बोळकं पसरून हसली.

"हिर्डोशीच्या," हनुमंतराव म्हणाले. "पर सर, भिंग जरा लांब धरा. राणीसाहेबांचं राज्य अजून चालू हाय, आन् त्या आत्ताच दूध पिऊन आल्यात!"