सबनीस काकांचं नाक

सबनीस काका कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नाहीत, आधी वास घेतात. दारातच, मान किंचित वर करून. मग म्हणतात, "डावीकडचं कपाट. खालचा कप्पा. चामडं." आपण कपाट उघडावं, तर आपल्या लग्नातल्या बुटांवर पांढरी लव उगवलेली असते. चहा त्यानंतर.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ते माझे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. निवृत्त आहेत, एकटे राहतात. काकू जाऊन दोन पावसाळे झाले. बुरशी हा काकांचा विषय. पावावरची हिरवी, लोणच्यावरची पांढरी, भिंतीवरची काळी, सगळ्या त्यांच्या ओळखीच्या. "कोरडं फडकं मारू नका हो, पेरणी होते!" हे आमच्या जिन्यात सगळ्यांना पाठ आहे. सेक्रेटरींनी जिन्यातल्या काळ्या डागावर नवा रंग फासला, तेव्हा काका म्हणाले, "वा. पाय न धुता नवे मोजे घातलेत."

त्यांचं आवडतं वाक्य एकच. "बुरशी चुगलखोर असते. पाणी कुठं लपलंय ते ती सांगते, ऐकणारा हवा."

यंदा पावसाळ्यात आमच्या बेडरूमच्या भिंतीवर, अगदी जमिनीलगत, काळे ठिपके आले. ती आमची आणि काकांची सामाईक भिंत. मला हिशेब लागल्याशिवाय चैन पडत नाही. मी टेपनं डाग मोजला, पेन्सिलीनं कड आखली. प्लंबरनं तपासलं, तर त्या भिंतीतून पाइपच जात नाही. बाथरूम दुसऱ्या टोकाला. पावसानं आठवडाभर उघडीप दिली, तरी डाग पेन्सिलीच्या बाहेर गेला. पाणी नाही, पण ओल वाढतेय. असलं गणित माझ्या पाहण्यात नव्हतं.

साहजिकच काकांना बोलावलं. आले, आणि वास घ्यायला थांबलेच नाहीत. भिंतीकडे धड न बघता म्हणाले, "पंखा लावा."

"पण काका, पाणी कुठून येतंय?"

"येत असेल कुठून तरी."

ते गेल्यावर माझी बायको वंदना म्हणाली, "अहो, काका चोरासारखे का बघत होते?" मी आणखीच चक्रावलो.

रविवारी टेप घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. काकांनी दार उघडलं. कोपरापर्यंत साबणाचा फेस.

"काय?"

"तुमच्या बाजूनं भिंत मोजायची होती."

त्यांनी माझ्या हातातल्या टेपकडे बघितलं. "केली म्हणजे तिनं चुगली," म्हणाले आणि बाजूला झाले.

आतल्या खोलीच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. भिंतीला लागून छताच्या दांडीवर ओळीनं साड्या टांगलेल्या, निथळणाऱ्या. खाली भिंतीच्या कडेला पाण्याचं थारोळं. साड्यांमधली हिरवी इरकल मी ओळखली. काकू ती नेसून मंडईतून पिशव्या घेऊन यायच्या.

"कपाटात ठेवल्या की डाग धरतात," काका म्हणाले. "मागच्या पावसाळ्यात दोन फुकट गेल्या. म्हणून आळीपाळीनं धुतो. पिळत नाही, सूत मोडतं."

"अहो, पण खिडकी बंद करून? तुम्ही? तुमच्या बाल्कनीत चांगलं ऊन येतं!"

"एकट्या म्हाताऱ्याच्या बाल्कनीत साड्या?" ते म्हणाले. "समोरची इमारत बघत बसेल. पुतण्या आधीच मागे लागलाय, देऊन टाका म्हणून. उद्या सगळेच सांगायला येतील."

मी टेप खिशात ठेवला. घरी येऊन वंदनाला सांगितलं. ती सरळ त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"काका, बादली इकडे द्या. आमच्या दोरीवर माझ्याही साड्या असतात. कुठली कुणाची, कोण विचारतंय?"

काकांनी बादली लगेच सोडली नाही. मग सोडली.

दुपारी ते आमच्याकडे आले. दारात न थांबता थेट बाल्कनीत गेले. वाळलेल्या इरकलीचा पदर उचलून नाकाशी धरला. बराच वेळ.

"काय काका, अजून ओल आहे?" मी विचारलं.

"नाही. नुसता उन्हाचा वास येतोय," ते म्हणाले. "ती वाळत घालायची तेव्हा यायचा, तसा."

मग त्यांनी पदर सारखा केला, चिमटा काठावरून काढून आतल्या बाजूला लावला, आणि खुर्ची ओढून बसले. चहा त्यानंतर.