बगळ्याची नितळ मोजणी

एका जंगलात, बाळांनो, आजारी पडायलासुद्धा आकडा लागत असे. नुसता ताप येऊन भागत नसे. अंगातले विषाणू मोजायचे. हजाराच्या वर भरले तर प्राणी आजारी, खाली भरले तर धडधाकट. कायदा फार सोपा होता, म्हणून सगळ्यांना आवडायचा.

त्या जंगलात सगुणा नावाची नीलगाय राहायची. दोन वर्षं तिला ताप येई, जाई, पुन्हा येई. मानेत गाठी आल्या होत्या. चार पावलं चालली की पाय लटपटत. बिचारी कुरकुर करत नसे. पण चरताना मध्येच बसकण मारी, आणि बाकीच्या नीलगाई एकमेकींकडे बघून नाक मुरडत.

उन्हाळा आला, तळं आटलं. कळपाला डोंगर ओलांडून पलीकडच्या नदीवर जायचं होतं. आजाऱ्यांना मात्र अलीकडच्या झऱ्यापाशी सावलीत राहायची मुभा होती, सोबत दोघी जणी मिळत. सगुणाला पक्कं ठाऊक होतं, हा डोंगर चढलो तर आपण काही उतरत नाही.

"रावजीदादा, मला झऱ्यापाशी राहू द्या," ती कळपाच्या म्होरक्याला म्हणाली.

"राहा की! मी कुठं नाही म्हणतोय?" रावजी म्हणाला. "फक्त आकडा घेऊन ये."

सगुणा सरकारी मोजणीदाराकडे गेली. हा होता शुभ्रकांत बगळा. त्याने शिंपल्यात तिचं रक्त घेतलं आणि एका पायावर उभा राहून ते निवळायची वाट पाहिली. खाली लाल गाळ बसला, वर पिवळसर नितळ पाणी आलं. पाणी त्याने दुसऱ्या शिंपल्यात ओतलं आणि गाळ फेकून दिला.

"शी! घाण नुसती," तो म्हणाला. मग त्याने नितळ पाण्यात मोजलं. "शून्य! अभिनंदन, सगुणाबाई!"

"पण साहेब, मला आत्तासुद्धा ताप आहे."

"तो तुमचा खाजगी प्रश्न आहे," बगळा म्हणाला.

सगुणा रडत रडत भागूमावशीकडे गेली. भागूमावशी म्हणजे साळिंदर, जंगलातली जुनी वैद्यीण. तिने आपलाच एक काटा टोचून रक्त काढलं आणि गाळासकट मोजलं. चाळीस हजार!

"हा एपस्टाईन-बार नावाचा विषाणू, बाई," मावशी म्हणाली. "लहानपणी बहुतेकांच्या अंगात शिरतो आणि मग गुपचूप झोपून राहतो. तुझा झोपायलाच तयार नाही."

सगुणाला किती आनंद झाला म्हणून सांगू! चाळीस हजार विषाणू अंगात असल्याचा एवढा आनंद आजवर कुणाला झाला नसेल. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तिचं खरं मानलं होतं.

पण आकडे झाले दोन. सभा भरली.

"अहो, तो विषाणू रक्तातल्या पेशींत दडून बसतो," भागूमावशी कळवळून सांगू लागली. "पेशीच फेकून दिल्यावर तुम्हाला काय सापडणार, कपाळ?"

"आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नितळच मोजतात," बगळा म्हणाला. "गाळात चोच घालणं आम्हाला शोभत नाही."

बाळांनो, त्याच सकाळी त्याने चिखलात चोच घालून तीन मासे खाल्ले होते. पण ते खाणं होतं, मोजणी नव्हती.

रावजीने निकाल दिला, "दोन्ही आकडे जुळेपर्यंत जो स्वच्छ आहे तो खरा." बगळा दिसायला पांढराशुभ्र होता आणि मावशीचे काटे सगळ्यांना टोचत, त्यामुळे टाळ्या लगेच पडल्या.

कळप निघाला. निम्म्या चढावर सगुणा जी बसली ती उठेचना. रावजीने बगळ्याला बोलावणं धाडलं. तो आला, रक्त घेतलं, निवळू दिलं, गाळ फेकला.

"शून्य. प्रकृती ठणठणीत."

ठणठणीत प्राण्याला सोबत कशाला हवी? कळप पुढे गेला. भागूमावशी तेवढी मागून धापा टाकत आली आणि सगुणापाशी बसली. सगुणाचं अंग तव्यासारखं तापलं होतं.

"मावशी, मी खरंच आजारी आहे ना गं?" तिने विचारलं.

"हो गं माझे बाई. खरंच आहेस."

एवढं ऐकून सगुणाने डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत. मावशी मात्र हमसाहमशी रडली.

नदीवर पोचल्यावर रावजीने कळपाची हजेरी घेतली. सगुणाच्या नावापुढे त्याने लिहिलं, 'प्रकृती उत्तम असताना विनापरवानगी कळप सोडून गेली.'

तात्पर्य : बाळांनो, आजारी जरूर पडावं. पण मोजणाऱ्याला जिथे बघायला आवडतं, तिथेच पडावं.