फोनवरचे कान

"ईस्टरच्या आधी फादर टिमको तुमच्याकडून अर्धा अक्रोड-रोल घेऊन कुठे गेले?" सरकारी वकिलाने विचारलं, आणि आपला फोन कुणीतरी ऐकतंय हे इर्मा होर्वातला कळून चुकलं. रोलची गोष्ट तिने फक्त आगाथाला, आपल्या बहिणीला, आणि तीही फोनवरच सांगितली होती.

व्हिएतनामच्या लढाईवर पोरं धाडणाऱ्या अमेरिकी भरती कार्यालयातले कागद फादर टिमकोंनी जाळले होते. तेव्हापासून ते बेपत्ता होते. कुठे आहेत, हे इर्माला माहीत होतं.

खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या ग्रँड ज्यूरीचं काम बंद दाराआड चालायचं. साक्षीदाराच्या वकिलाला आत मज्जाव. त्यामुळे दर प्रश्नाला इर्मा दुखरे गुडघे सांभाळत बाहेर बाकावर बसलेल्या लिपमन वकिलांना विचारून यायची आणि तेच सांगायची, "चोरून ऐकलेल्या फोनवरून विचारताय. उत्तर देणार नाही."

"बाई, किती हेलपाटे घालाल?"

"तुम्ही विचारायचं थांबा, मी चालायचं थांबते."

उत्तर देईपर्यंत तुरुंगात, असा न्यायाधीशांनी हुकूम दिला. तिथे दर रविवारी तिची नणंद पावलीना भेटायला येई. दोघी एकाच घरात राहत, इर्मा खाली आणि पावलीना वर. "आमची वहिनी म्हणजे दगड. तोंड उघडायची नाही," असं पावलीना चर्चभर सांगत फिरत होती. ते ऐकून इर्माची मान आणखीच खाली जाई. कारण त्या फोनवर फादरचा विषय जेमतेम अर्धा मिनिट होता. बाकी सगळी पावलीनाच होती. तिचा चिक्कूपणा, तिचं गाणं, आणि भिंत बांधायला चालतील असे तिचे कोबीचे रोल.

एका रविवारी लिपमन हसतच आले. "जिंकलो. विनापरवाना फोन ऐकला हे सरकारने कबूल केलं. तुम्ही सुटलात. आता सगळ्या टेप भर कोर्टात वाजवायला लावू."

"वाजवायलाच हव्यात का?"

"अहो, सरकारची अब्रू जाईल."

"सरकारची जाऊ दे हो. माझी?" इर्मा थकून नणंदेकडे वळली. "पावलीना, त्यात तुझ्याबद्दल आहे. बरंच आहे."

पावलीना पर्सचा पट्टा चाळवत राहिली. "माहितीये. दोन्ही मजल्यांना लाइन एकच, वरचा फोन उचलला की सगळं ऐकू येतं. दादा होता तेव्हापासून ऐकतेय."

इर्मा मटकन बसली. "आणि तरी दर रविवारी आलीस?"

"मग काय करू? तू इथे आल्यापासून घर खायला उठतं. फोन उचलावा तर आत कुणीच नाही."

मग पावलीना वकिलांकडे वळली आणि तिने हळूच विचारलं, "मिस्टर लिपमन, विनापरवाना ऐकणाऱ्याला शिक्षा किती असते?"

लिपमननी चष्मा काढला. "तुम्ही नक्की काय काय ऐकलंत?"

इर्मा गुडघ्यावर हात रेटून उठली आणि तिने नणंदेचा दंड धरला.

"तिला काही विचारू नका," ती म्हणाली. "ती उत्तर देणार नाही."