मशीन गरम व्हायची हाय

आमच्या दूध डेअरीतला पाण्याचा माठ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचा होता, तर भानुदास आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "माठ हलणार हाय बरं का. मग म्हनू नका, सांगितलं न्हाई."

भानुदास माझा शेजारी आणि डेअरीचा सेक्रेटरी. त्याचं एकच पालुपद, "वैनी, बदल पाव्हण्यासारखा आणावा. आधी निरोप, मग पाणी, मग जेवण."

फॅट मोजायची मशीन आली तेव्हा आम्ही बाया भांडायलाच उठलो. जुन्या रीतीत दूध नळ्यांत घालून गरगर फिरवायचं, सगळं डोळ्यांसमोर. "ही लाईटीवर चालती, लबाडी करंल," मीच म्हणाले. दुसरा असता तर दटावून मोकळा झाला असता. यानं मशीनला हळदकुंकू लावलं, आठ दिवस नुसतीच टेबलावर ठेवली. मग एकच दूध नळीतही मोजायचं आणि मशीनवरही. वर आम्हालाच विचारी, "सांगा, कोण खोटं बोलतंय?" शेवटी आम्हीच कावलो, "आरं, फेक ती नळी! घरी कामं पडलीत."

भानुदास जिंकला. आता कॅन ठेवला, चिठ्ठी घेतली, की चाललं घरी. पूर्वी नळ्या फिरेपर्यंत आम्ही बाकड्यावर बसून गावाची उणीदुणी काढायचो. तो आतून ओरडायचा, "गपा की गं बायांनो, आकडा चुकंल!" आता ओरडायला बाकड्यावर कुणी नसतं. त्यात दिवाळीनंतर त्याचा मुलगा-सून लेकराला घेऊन ऊसतोडीला गेले. घराला दिवसभर कुलूप. माझा मुलगाही त्यांच्याच टोळीत आहे.

परवा गेले तर म्हणाला, "थांबा वैनी, मशीन गरम व्हायची हाय."

माझ्या पुढंच सुशीला दूध मोजून, चिठ्ठी घेऊन बाहेर पडली होती. मी मशीनला हात लावून बघितला. चांगली ऊन होती. भानुदास खाली बघून बाकडं पुसायला लागला.

"तुमच्या पोराचा फोन आलता का?"

"आलता. तुझ्या नातवाला खोकला हाय म्हनला. पण खेळतोय."

"मला न्हाई सांगितलं."

"तू घोर लावून घेतोस म्हणून."

"आणखी काय म्हनला?"

मला म्हशीला पेंड घालायची होती. दूध घालून निघून आले.

काल मात्र कॅन ठेवला आणि मीच आधी विचारलं, "काय रं भानुदासा, मशीन गरम झाली न्हाई ना अजून?"

"न्हाई, वैनी."

"मग होऊ दे," म्हणून बाकड्यावर बसले.

तो तांब्या घेऊन माझ्यासाठी पाणी आणायला उठला, आणि गेला तो थेट माठाच्या जुन्या, रिकाम्या कोपऱ्यात.