सगळ्यात उंच खांब

एका जंगलात, मुलांनो, मधाचं एक दुकान होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. विचारलंत तर मला नकाशा काढून दाखवावा लागेल, आणि चित्रं काढून दाखवण्याची मी आता धास्ती घेतली आहे. का घेतली, ते शेवटपर्यंत जागे राहिलात तर कळेल.

दुकान होतं अस्वलशेठचं. मोठ्या जांभळीच्या बुंध्याशी मडकी मांडलेली असत आणि त्यांच्या मागे शेठ बसलेले असत. मध उत्तम होता. भेसळ अजिबात नव्हती. फक्त शेठची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाच्या हातात मडकं देण्याआधी ते त्यात आपला पंजा मनगटापर्यंत बुडवत, मग बाहेर काढून चाटत, डोळे मिटत आणि म्हणत, "अस्सल." मग तेच मडकं पुढे करत. त्यांचे वडील असंच करायचे, आजोबाही असंच करायचे. त्या घराण्यात ही शुद्धतेची हमी समजली जाई.

हमीबरोबर मडक्यात चार-पाच काळे केसही जात. पण हे शेठना सांगणार कोण? अस्वलाला त्याच्या पंजाबद्दल काही सांगायचं, तर त्या पंजाच्या टप्प्यात उभं राहूनच सांगावं लागतं. त्यामुळे लोक काही न बोलता मडकं घेत, आणि पुढच्या वेळी येत नसत.

होता होता दुकानात माशाच काय त्या उरल्या. शेठ काळजीत पडले. बिचाऱ्यांना खरंच कळत नव्हतं की आपलं चुकतंय कुठे. शेवटी त्यांनी नकुलरावांना बोलावणं पाठवलं.

नकुलराव म्हणजे एक मुंगूस. कुणाचा धंदा का बसला हे पाहणी करून शोधायचं आणि मालकाला समजावून सांगायचं, हा त्यांचा व्यवसाय. त्यांचं नाव मोठं होतं. याआधी त्यांनी बगळ्यासाठी पाहणी केली होती. मासे आपल्याजवळ का येत नाहीत, असा बगळ्याचा प्रश्न होता. नकुलरावांनी तीन महिने पाण्यात उभं राहून निष्कर्ष काढला की या विषयावर आणखी पाहणी व्हायला हवी. बगळा समाधानी होता.

हसू नका. नकुलराव मनाने वाईट नव्हते आणि मेहनतीत तर कुठेच कमी नव्हते. शेठच्या कामासाठीही ते तीन महिने एकशे चाळीस दारं हिंडले. बिळं झाली, घरटी झाली, ढोल्या झाल्या. प्रत्येक दारी बारा प्रश्न विचारले. गोडी कशी वाटते, रंग कसा वाटतो, दुकान लांब पडतं का, वगैरे. बाराही प्रश्नांना लोक "बरं आहे" म्हणत. मग नकुलराव उठले की दारापर्यंत पोचवायला येत, इकडेतिकडे बघत, आणि न विचारलेल्या तेराव्या प्रश्नाचं उत्तर हळूच देत. तेवढा तो पंजा थांबवता आला तर बघा, म्हणत.

एकशे चाळीसपैकी एकशे बारा जणांनी हेच सांगितलं. उरलेल्या अठ्ठावीसांपैकी वीस जण शेठचे नातेवाईक होते.

हळू आवाजात बोलल्या नाहीत त्या एकट्या ससेवहिनी. त्या ओढ्याकाठी राहत. घरात म्हातारे सासरे होते आणि सासऱ्यांना खोकला होता.

"भावोजी," वहिनी म्हणाल्या, "मामंजींना अडुळसा मधातूनच द्यावा लागतो. नुसता दिला की थुंकून टाकतात. शेठचा मध आणावा, तर केस घशात जाऊन खोकला दुप्पट होतो. नदीपलीकडे मध मिळतो, पण ती वाट कोल्ह्यांच्या वस्तीवरून जाते. तुम्ही शेठशी बोलणारच आहात, तर एवढं त्यांच्या कानावर घाला."

"वहिनी, हे काम माझ्याकडे लागलं," नकुलराव म्हणाले. आणि मुलांनो, त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढे तुम्हाला ते खरं वाटणार नाही.

घरी येऊन त्यांनी सागाच्या पानावर निष्कर्ष लिहून काढला. शेठ, मडक्यात पंजा घालू नका. लिहून झाल्यावर त्यांनी पान लांब धरून पाहिलं. मग जवळ धरून पाहिलं. कसंही धरलं तरी ते पाचच शब्द होते.

तीन महिने, एकशे चाळीस दारं, आणि हाती पाच शब्द? एवढ्यासाठी कुणी मुंगसाला बोलावतं का? हे तर ओढ्याकाठची कुणीही बाई सांगू शकली असती. सांगितलंच होतं. शिवाय हे पाच शब्द म्हणायचे कुणाला, तर अस्वलाला. नकुलरावांना भीती वाटली. मी ते सरळ भीती असं सांगून टाकतो, कारण ते स्वतः पुढे तिला सभ्यपणा, अनुभव आणि व्यवसायाची शिस्त अशी निरनिराळी नावं देणार आहेत.

सजावटीची कामं मोर करायचा. नकुलराव पान घेऊन त्याच्याकडे गेले. मोराने पान वाचलंसुद्धा नाही. तो म्हणाला की मोठी जनावरं वाचत नसतात, बघत असतात. तेव्हा जे काय असेल ते चित्रात आणा आणि रंगात आणा. मग दोघांनी टेकडीखालचा सपाट कातळ चुन्याने पांढरा केला आणि त्यावर खांब काढायला घेतले. जितक्या जणांनी जी गोष्ट सांगितली, तितका तिचा खांब उंच. रंगाचा खांब हळदीचा, अंतराचा गेरूचा, चवीचा पळसाच्या फुलांचा. पंजाचा खांब काढता काढता कातळ संपला. मोराने शिडी लावून तो वरच्या कातळावर नेला आणि टोकाला स्वतःचं एक पीस खोवलं.

आता खांबाखाली नाव लिहायची वेळ आली. 'पंजा' लिहिलं तर ते अंगावर येत होतं. 'मालकांचे केस' त्याहून वाईट दिसत होतं. बऱ्याच खाडाखोडीनंतर नकुलरावांनी लिहिलं, 'मालकांचा सहभाग'.

लिहून झाल्यावर त्यांना हायसं वाटलं. यात खोटं काय आहे, असं त्यांनी स्वतःला विचारलं. पंजा मालकांचाच होता आणि तो प्रत्येक मडक्यात सहभागी होत होता. उरलेलं आपण तोंडी सांगू. काडी खांबावर ठेवायची आणि स्पष्ट शब्दांत सांगायचं. वहिनींना दिलेला शब्द ते विसरले नव्हते.

ठरल्या दिवशी शेठ आले. बरोबर वीस नातेवाईक आले. नकुलराव हातात काडी घेऊन कातळासमोर उभे राहिले. आधी त्यांनी जंगलाचा नकाशा दाखवला. मग मधाचा इतिहास दाखवला. मग 'मध म्हणजे काय' या मथळ्याचं एक चित्र त्यांनी अस्वलाला दाखवलं. नवव्या चित्राला शेठची मान छातीवर टेकली. मग मोराने झावळ्यांचा पडदा ओढला आणि खांब दिसले. शेठ खडबडून जागे झाले.

"तो एवढा उंच कोण?" त्यांनी विचारलं.

"तो आपला, शेठ," नकुलराव म्हणाले.

"माझा?"

"हो. एकशे चाळीसपैकी एकशे बारा."

"एकशे बारा जणांनी माझं नाव घेतलं? तुम्ही विचारल्यावर?"

"न विचारता. आपणहून."

यातला शब्द न् शब्द खरा होता. पुढचं वाक्य तेवढं राहिलं होतं. नकुलरावांनी ते बोलायला तोंड उघडलंही. पण शेठचे डोळे भरून आले होते. ते उठले आणि त्यांनी आपला तो पंजा नकुलरावांच्या पाठीवर ठेवला. एवढं सुख मला वडील गेल्यापासून कुणी दिलं नाही, म्हणाले. वीस नातेवाईकांनी टाळ्या वाजवल्या. नकुलरावांनी तोंड मिटलं आणि मान लववून नमस्कार केला. पाठीला मध चिकटला होता, तो आठ दिवस निघाला नाही.

दुसऱ्या दिवसापासून शेठ दोन्ही पंजे बुडवू लागले. आजवर ते मडक्यांमागे बसून चाखत. आता दुकानाच्या तोंडाशी चौथरा बांधून, सगळ्यांना दिसेल असं चाखू लागले. गिऱ्हाइकांना हेच हवं आहे, असं कातळावर स्पष्ट दिसत होतं. महिन्याभरात माशाही यायच्या थांबल्या. शेठ पुन्हा काळजीत पडले आणि त्यांनी दुसऱ्या पाहणीसाठी पुन्हा नकुलरावांनाच बोलावलं. एव्हाना लांडग्यानेही त्यांच्याकडून चित्र काढून घ्यायचं ठरवलं होतं आणि मगरीने तर आधीच सांगून ठेवलं होतं.

नकुलराव चौथऱ्याजवळ नव्या कातळाचं माप घेत होते, तेव्हा ससेवहिनी दुकानात आल्या. सासऱ्यांचा खोकला फार वाढला होता. शेठनी मडकं उचललं आणि पंजे वर केले.

"शेठ, थांबा," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या पंजाचे केस मधात पडतात. म्हणून लोक येत नाहीत. मला बिनकेसांचं मडकं द्या."

नकुलरावांना वाटलं, आता वहिनींचं काही खरं नाही. पण शेठनी पंजे तसेच हवेत धरले, एकदा वहिनींकडे पाहिलं आणि एकदा पंजांकडे. मग त्यांनी जे विचारलं ते इतक्या साधेपणाने विचारलं, की नकुलरावांना ते आजही आठवतं.

"असं आहे का, नकुलराव? तुम्ही म्हणाल तर आजपासून बंद करतो. पण तुमच्या चित्रात तर असं नव्हतं."

वहिनी वळल्या. "भावोजी, तुम्ही सांगितलं होतंत ना?"

"सांगितलं, वहिनी. सगळ्यात उंच खांब तोच आहे."

"मग आता तोंडाने सांगा."

पाच शब्द होते. भीतीचं कारणही उरलं नव्हतं, कारण अस्वल स्वतःच विचारत होतं. पण ते पाच शब्द बोलायचे, तर पहिल्या पाहणीतला तो उंच खांब खरा कशाचा होता हेही सांगावं लागणार होतं. लांडगा काय म्हणेल, मगर काय म्हणेल, हे नकुलरावांच्या डोळ्यांपुढे आलं. त्यांनी काडी या हातातून त्या हातात घेतली.

"मुद्दा महत्त्वाचा आहे, शेठ," ते म्हणाले. "पुढच्या पाहणीत तो जरूर घेऊ."

शेठनी सुटकेचा श्वास टाकला आणि दोन्ही पंजे मडक्यात घातले. वहिनींनी मडकं घेतलं नाही. त्या नदीच्या वाटेला लागल्या.

घाबरू नका, त्या परत आल्या. पण आता दर पंधरवड्याला त्यांना कोल्ह्यांच्या वस्तीवरून जावं लागतं. त्या गेल्या की नकुलराव बिळाच्या तोंडाशी बसून वाटेकडे बघत राहतात, आणि त्या लांबून दिसल्या की पटकन आत जातात. त्यांना लाज वाटते. लाजेचा खांब किती उंच होईल, ते त्यांनी अजून मोजलेलं नाही.

आता तुमच्यातला कुणीतरी आगाऊ विचारणार, की गोष्ट सांगणाऱ्याला हे बिळाच्या आतलं कसं ठाऊक? प्रश्न चांगला आहे. पुढच्या वेळी जरूर घेऊ. तोवर माझ्या शेपटीकडे बघणं बंद करा.

तात्पर्य : खरं सांगायची वेळ आलीच, तर ते जमेल तेवढ्या उंच खांबात, उजळ रंगात आणि चारचौघांसमोर सांगावं. म्हणजे ते कुणाला कळत नाही, आणि तुम्ही सांगितलं नाहीत असंही कुणाला म्हणता येत नाही. ज्यांना हे शब्दांत पटलं नसेल, त्यांच्यासाठी चित्र तयार आहे.