वर्लनचा न वाकणारा गळ

वर्लन टॅडलॉकचं एक मत पक्कं होतं: वाकतो तो गळच नव्हे. मागच्या वसंतात एका थोराड क्रॅपी माशाने त्याचा बारीक तारेचा गळ सरळ करून पोबारा केला होता. तेव्हापासून हे मत त्याने बायकोला, टपालवाल्याला आणि तोंड उघडं ठेवून का होईना, पण दातांच्या डॉक्टरलाही ऐकवलं होतं. शेवटी त्याने जाड पोलादी गळ आणले, आणि त्यांना शोभेल असा वेणीसारखा विणलेला दोर. त्या दोराला रेडा बांधला असता तरी चाललं असतं.

त्याचा मेहुणा हॉइट हा ते राहत होते त्या सरोवरावरचा सगळ्यांत मोठा कंजूष. खिशाचा नव्हे, जागेचा. मिसिसिपीच्या त्या भागात लोक देवदाराचं झाड तोडतात, बुंधा बादलीभर सिमेंटमध्ये रोवतात आणि कुणी बघत नाही असं पाहून ते पाण्यात बुडवतात. क्रॅपी त्या फांद्यांत घर करतात. माणूस तिथे आपलं मृत्युपत्र वाचून दाखवेल, मूळव्याधीची हकिगत सांगेल, पण झाड कुठे बुडवलंय ते सांगणार नाही. हॉइट दरवेळी डबा भरून मासे आणी. कुठून, असं विचारलं की म्हणे, "पाण्यातून."

निवृत्त होऊन सरोवराकाठी घर घेतल्यापासून वर्लनचा एकच ध्यास होता, हॉइटच्या झाडावर आपला गळ पडावा. त्यासाठी त्याने हॉइटचं गवत कापलं, हॉइटच्या कुत्र्याला अंघोळ घातली. हॉइट आभार मानी आणि आभाळाकडे बघे.

मग या एप्रिलमध्ये हॉइट शिडीवरून पडला. हात गळ्यात आला. आणि शनिवारी चर्चचं मासळीजेवण, ज्याचे मासे दरसाल हॉइटच पुरवी.

"माझ्या नवऱ्याला घेऊन जा," जर्लीनने भावाला बजावलं, "नाहीतर पाद्रीबाबांना तूच सांग, यंदा नुसत्या कोबीवर प्रार्थना म्हणा."

हॉइटने रात्रभर विचार केला आणि हो म्हणाला. शुक्रवारी सकाळी बोटीत बसता बसता त्याने अट घातली. "टोपी नाकापर्यंत ओढ. आणखी. मला तुझी हनुवटी दिसली की पुरे."

वर्लनने ओढली. एका हाताने सुकाणूचं चक्र धरून हॉइटने बोट सोडली ती डावीकडे, उजवीकडे, गोल, परत गोल. वर्लनने बसायची फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. तासाभराने इंजिन थांबलं.

"उघड डोळे."

वर्लनने टोपी वर केली. समोर निळ्या छपराचा लाकडी धक्का होता. धक्क्यावर एक बाई टेबलावरची चादर झटकत होती. तिने हात हलवला.

"हॉइट, ती जर्लीन आहे."

"दिसतंय की."

"ते माझं घर आहे. तासभर पेट्रोल जाळून तू मला माझ्याच घरासमोर आणलंस?"

"जागा कळू नये म्हणून."

"मी रोज सकाळी इथूनच बोट काढतो आणि वीस मैल लांब जातो मासे शोधायला."

"हो ना. तू वळणाआड गेलास की मी येतो," हॉइट शांतपणे म्हणाला. "तू वेळेचा फार पक्का आहेस, वर्लन. मला तुझा तो गुण आवडतो. बरं, गळ दाखव."

वर्लनने डबी उघडली. हॉइट डबीकडे बघत राहिला.

"हे मासे धरायला आहेत की बोट नांगरायला?"

"हे वाकत नाहीत."

"अरे लेका, वाकायलाच हवेत. क्रॅपीचं तोंड कागदासारखं असतं, जाड गळाने भसका पडतो. आणि खाली फांद्याच फांद्या आहेत. बारीक गळ अडकला तर सावकाश ओढायचं. तो सरळ होतो, सुटून येतो, बोटांनी परत वाकवायचा. घे, माझ्याकडचे घे."

"वाकणारी वस्तू मी पाण्यात टाकणार नाही."

हॉइटने आपल्या गळ्यातल्या हाताकडे पाहिलं, मग शनिवारचा विचार केला आणि आमिषाची बादली वर्लनपुढे सरकवली.

वर्लनने बादलीतून एक मिनो काढला, बोटभर लांबीचा चंदेरी मासा, आणि ओठांतून गळात ओवला. बारीक गळावर असा मासा कितीतरी वेळ वळवळतो आणि क्रॅपीला भुलवतो. वर्लनच्या गळावर त्याने एकदा वर पाहिलं आणि प्राण सोडला.

"गेला," हॉइट म्हणाला.

"विचार करतोय," वर्लन म्हणाला.

तरी हॉइटचं झाड ते हॉइटचं झाड. दोरावर तरंगणारं बूच बुडालं. वर्लनने हिसका दिला, मासा पाण्याबाहेर आला, ओठ फाटून परत गेला. दुसरा तसाच. तिसऱ्याने तर बोटीच्या काठाला टेकून सुटका करून घेतली. हॉइट प्रत्येक वेळी फक्त "कागद" एवढंच म्हणे. वर्लनचे कान लाल झाले.

चौथ्या वेळी दोर ताठ झाला आणि ताठच राहिला.

"अडकला," हॉइट म्हणाला. "काप."

"गळ नवा आहे."

"वर्लन, खाली माझं झाड आहे. काप तो दोर."

"सुटेल. यात ताकद आहे."

त्याने दोर हाताला गुंडाळून ओढला. मग पाय रोवून ओढला. मग दोर बोटीच्या खुंटीला बांधला आणि चक्राशी जाऊन इंजिन सुरू केलं. हॉइट काहीतरी ओरडत होता. इंजिनाच्या आवाजात ते वर्लनला शाबासकीसारखं वाटलं. बोट आधी जागच्या जागी थरथरली. मग हळूहळू पुढे सरकली. मागे पाण्यावर देवदाराचा एक काळा, शेवाळलेला शेंडा निघाला आणि निमूटपणे मागोमाग येऊ लागला.

"सुटला," वर्लन आनंदाने म्हणाला.

मागे बघत बोट चालवल्यावर ती जिथे जायची तिथेच गेली. धक्क्यापाशी सिमेंटची बादली गाळात रुतली, बोटीची खुंटी स्क्रूसकट उपटली गेली आणि झाड वर्लनच्या धक्क्याच्या खांबांना टेकून पुन्हा पाण्याखाली बसलं.

जर्लीन चादर घेऊन तशीच उभी होती. "मासे कुठायत?"

वर्लन छातीभर पाण्यात उतरला, दोर चाचपत गेला, फांदीतून गळ उपसून आणला आणि मेहुण्यापुढे धरला.

"बघ. जराही वाकला नाही."

शनिवारी चर्चमध्ये दुकानातली गोठवलेली मासळी तळली गेली. पाद्रीबाबांनी ती चवीने खाल्ली आणि हॉइटच्या खांद्यासाठी प्रार्थना केली. हॉइटने त्या प्रार्थनेत वर्लनसाठीही काहीतरी मागितलं असावं, पण ते मोठ्याने नाही.

मे महिन्यात क्रॅपींना झाडाचा नवा पत्ता सापडला. आता सरोवरावरची सगळ्यांत चांगली जागा वर्लनच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे. रोज सकाळी हॉइट येतो, धक्क्यावरच्या वर्लनच्या खुर्चीत बसतो, वर्लनच्या कपातून कॉफी पितो आणि एका हाताने डबा भरतो. झाड त्याचं आहे, यावर जर्लीनचंही दुमत नाही.

परवा वर्लनने गळाची काठी उचलली आणि धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला. हॉइटने मान न वळवता तळहात पुढे केला.

"गळ दाखव."

वर्लनने दाखवला, तोच, न वाकणारा. हॉइटने तो निरखला, नकारार्थी मान हलवली आणि परत दिला.

"उद्या बघू," तो म्हणाला. "तोवर आत जाऊन सांग, मला दोन अंडी. कडक."

वर्लनने काठी खांबाला टेकवली. मग आत जाऊन त्याने सांगितलं.