वयनीचा शब्द

देवराव मारुतीच्या देवळापुढून जातो तवा दोन्ही हात पाठीमागं धरून जातो, पोलिसानं धरून नेल्यावानी. एकदा इचारलं, काऊन बे? म्हणे, हातायले लहानपणची सवय हाये, आपोआप जुळतात. डोक्यानं सोडलं, हात अजून ऐकत नाईत.

हा माझा शेजारी. हिंगणघाटले कापसाच्या जिनिंगमध्ये आम्ही दोघं संगंच खपलो. आईबापानं नाव देवराव ठेवलं, त्याले त्याचा इलाज नाई. देव मानत नाई, पण दुसऱ्याच्या वावरातलं पडलेलं बोरही उचलत नाई. लोक म्हणत, देव पाह्यते म्हणून माणसानं नीट वागावं. हा म्हणे, "कोणी पाहत नाई, तवाच तर वागाचं." सत्यनारायणाचा प्रसाद खात नाई, कढई घासाले मात्र पहिला. माझी बायको शांता त्याले म्हणे, भाऊजी, वर गेल्यावर देव तुमाले वळखणारच नाई. तो म्हणे, वयनी, तुमी सांगजा माह्यं नाव.

मागच्या साली शांताचं पोटाचं ऑपरेशन झालं. नवस बोलली होती, बरी झाली तर टेकडीवरच्या देवीले अनवाणी जाऊन नारळ ठेवीन. बरी झाली. नारळही आणला. आज जाते, उद्या जाते करता करता दुखणं पलटलं आन ती गेली.

तेरवी झाल्यावर नोकरीच्या गावी परत निंगता निंगता पोरगा म्हणे, बाबा, आईचा नवस राह्यला. मी म्हटलं, फेक तो नारळ. जिनं तिले नेलं तिच्या दारात मी पाय ठेवत नाई. चाळीस वर्षं म्हटलेल्या आरत्या तोंडात कडू झाल्या.

देवराव आला. मले वाटलं आता हा खुश होईन, आपल्या पार्टीत आणखी एक आला म्हणून. त्यानं नारळ मागितला. अबे, तुह्या लेखी तिथं दगड हाये ना, मी म्हटलं.

"दगडच हाये. पण शब्द वयनीचा हाये. तो खोटा पडू द्याचा नाई."

गुडघे गेलेला माणूस, चैताच्या उन्हात अनवाणी गेला. पुजाऱ्यानं नाव-गोत्र इचारलं त म्हणे, शांताबाईचा नारळ हाये, मी नुसता हमाल. परत आला तवा तळपायाले फोड.

मी घागरीतल्या थंड पाण्यानं त्याचे पाय धुतले. धुता धुता तोंडातून निघालंच, देवराव, असन का बे शांता कुठं तरी? जिंदगीत खोटं न बोललेला माणूस तो. मले त्या टायमाले खोटंच पायजे होतं.

त्यानं माझ्या हातातली घागर घेऊन खाली ठेवली.

"नाई," म्हणाला.

आन ओल्या पायानं तसाच माझ्याजवळ बसला. त्याच्या घरीही वाट पाहणारं कोणी नाई. दिवेलागण झाली तरी उठला नाई.